भिंतीपलीकडचा कटर: आवाजाची तक्रार कुणाकडे, जागेच्या वापराची कुणाकडे

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक बैठा बंगला होता. मालक वारले, मुलं परगावी, आणि एका दिवाळीनंतर अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं. आत लोखंडी कामाचं वर्कशॉप: सेफ्टी डोअर, खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे. सकाळी नऊला कटर सुरू व्हायचा आणि रात्री अकरापर्यंत लोखंडावर हातोडा. आम्ही तेच केलं जे सगळे करतात, पोलिसांना फोन. बीट मार्शल यायचे, कटर थांबायचा, गाडी कोपऱ्यावर वळली की पुन्हा ठिणग्या. असे चौदा फोन झाल्यावर एका हवालदारांनीच कंटाळून सांगितलं, "काका, आम्ही आजचा आवाज बंद करू शकतो. दुकान नाही बंद करू शकत. ते पालिकेचं काम."

हे एक वाक्य वर्षभर आधी कळलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. पुढचं सगळं त्या वाक्याचाच विस्तार आहे. महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे. ग्रामपंचायत हद्दीत नियोजनाचे अधिकार जिल्हाधिकारी किंवा प्रदेश विकास प्राधिकरणाकडे असतात. तिथे अर्ज त्यांच्या नावे जाईल, बाकी रीत साधारण हीच.

आधी तक्रार कशाची ते ठरवा

आवाजाचे दोन प्रकार असतात. एक, जागा आणि वापर कायदेशीर आहे पण आवाज मर्यादेबाहेर जातो: परवानगी असलेल्या मंगल कार्यालयातला डीजे, गणपतीतले स्पीकर, रात्री चालणारं बांधकाम. दोन, मुळात तो उद्योग त्या जागी असायलाच नको: निवासी प्लॉटवरचं फॅब्रिकेशन, पार्किंगमध्ये थाटलेलं गॅरेज, इमारतीच्या साइड मार्जिनमध्ये (बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत) पत्रे टाकून चालवलेलं हॉटेल. पहिल्या प्रकारात पोलीस हाच मुख्य दरवाजा. दुसऱ्या प्रकारात पोलिसांकडे शंभरदा गेलात तरी शंभर वेळा तात्पुरतीच शांतता मिळेल, कारण पोलीस त्या वेळचा आवाज पाहतात, पालिका त्या जागेची परवानगी पाहते.

आणि एक तिसरा प्रकारही असतो, तो मान्य करायला जड जातं. वापरही नियमात आणि आवाजही मर्यादेत, फक्त आपल्याला सहन होत नाही. पिठाची गिरणी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. निवासी भागात ठरावीक अश्वशक्तीच्या मर्यादेत, तळमजल्यावर गिरणी चालू शकते. तिच्याविरुद्ध अर्ज करून फार काही हाती लागत नाही. उलट पुढच्या खऱ्या तक्रारीच्या वेळी ऑफिसात "हे नेहमीचेच" असा शेरा तयार असतो.

अर्जाआधी एकदा त्या माणसाशी बोला. हे मी सभ्यतेपोटी सांगत नाही. अर्धे वाद वेळेवरून असतात: दुपारी दोन ते चार बंद, संध्याकाळी सातनंतर कटर नाही, रविवारी सुट्टी, खाली रबरी मॅट. शेडमधल्या पाच पोरांचं पोट त्यावर चालतं हेही खरंच आहे. आमच्याकडे बोलणं फिसकटलं, पण त्या भेटीची तारीख पुढे अर्जात लिहिता आली.

आवाजाचे आकडे

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० हा आधार. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हे आकडे त्या वेळेतल्या सरासरी पातळीचे आहेत, एखाद्या क्षणाचे नव्हेत. मोबाइलवरच्या ॲपने एका ठोक्याला ८८ दाखवलं म्हणून नियम मोडला असं सिद्ध होत नाही. ॲपचा उपयोग नोंदीपुरता. पुराव्यासाठी मोजणी पोलिसांच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्राने व्हावी लागते, आणि ती करा अशी मागणी अर्जात लेखी करायची.

नियम ७ नीट वाचला तर एक खाच दिसते. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तक्रार करता येते. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५ किंवा त्यापुढे गेलं की तुमची बाजू पक्की. रात्री मात्र काही बाबतींत आकड्याची गरजच नाही. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही चालवता येत नाहीत. बिल्डरचा माणूस "स्लॅब अर्धवट सोडता येत नाही" म्हणेल. स्लॅबची अडचण त्याची, नियमात ती सवलत लिहिलेली नाही.

सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते ते जिल्हा प्रशासन जाहीर करतं. ती यादी मोबाइलमध्ये ठेवा. "आज सूट आहे" हे वाक्य त्या यादीत नसलेल्या दिवशीही सर्रास ऐकू येतं. रस्त्यावरच्या मंडपाची परवानगी पालिकेची आणि स्पीकरची पोलिसांची, एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

शांतता क्षेत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, असं बरेच जण धरून चालतात. २०१७ च्या दुरुस्तीने सरकारने तसं जाहीर केलेलं असणं आवश्यक ठरवलं. तेव्हा अर्जात ठामपणे "शांतता क्षेत्र" लिहिण्याआधी तुमचा भाग तसा जाहीर आहे का हे माहिती अधिकारात विचारून घ्या.

जागेची कुंडली

आता मुख्य काम. पालिकेला "आमच्या मागे फार आवाज होतो" असं लिहिलंत तर तो अर्ज पोलिसांकडे पाठवून फाइल बंद होईल, आणि कारकुनाची त्यात चूकही नाही. पालिकेला जागेविषयी विचारायचं, आणि त्यासाठी जागा कागदावर ओळखता आली पाहिजे. "देशमुखांच्या बंगल्याशेजारी, पिंपळासमोर" हा पत्ता टपालासाठी ठीक.

सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. स्वतःच्या सोसायटीच्या मंजूर नकाशावर चतुःसीमा लिहिलेल्या असतात, त्यात शेजारच्या प्लॉटचा नंबर बहुतेक वेळा मिळतो. मिळाला की महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढता येते, मालकाचं नाव कळतं. मग पालिकेच्या नगररचना विभागातून त्या नंबरचा झोन दाखला किंवा भाग नकाशा मागा (मुंबईत त्याला डीपी रिमार्क म्हणतात). मंजूर विकास आराखड्यात ही जमीन निवासी आहे, व्यापारी आहे, हरित आहे की तिच्यावर आरक्षण आहे, हे त्यावर येतं.

निवासी लिहिलं म्हणून लगेच जिंकलो समजू नका. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईला स्वतंत्र, २०३४ च्या आराखड्याची नियमावली. दोन्हींत निवासी विभागात काय काय चालतं याची लांबलचक यादी आहे: दवाखाना, क्लास, किराणा, ठरावीक सेवा उद्योग. रस्ता किती रुंद आहे यावरही बरंच अवलंबून असतं. अरुंद गल्लीत न चालणारा वापर रुंद रस्त्यालगत चालतो. म्हणून त्या रस्त्याची आराखड्यातली रुंदी लिहून ठेवा आणि मगच यादी वाचा. यादी सरकारी मराठीत आहे, एका बैठकीत वाचून होत नाही. कटर आणि वेल्डिंगसाठी आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या.

"माझ्याकडे सगळे कागद आहेत"

समोरचा माणूस फाइल उघडून दाखवेल. त्यातला प्रत्येक कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही ते माहीत हवं, कारण इथेच सोसायटीची माणसं गप्प बसून घरी येतात.

शॉप ॲक्टचा दाखला: २०१७ च्या कायद्यानंतर ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असले तर मालकाने फक्त ऑनलाइन कळवायचं असतं, त्याची पावती निघते. जागेचा वापर कायदेशीर आहे का हे ती पावती देताना कुणी पाहत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी): मालकाने स्वतः भरलेली माहिती. अन्न परवाना: पदार्थांच्या सुरक्षिततेपुरता. व्यावसायिक वीजमीटर: वीज कुठल्या दराने आकारायची याचा पुरावा, त्यापलीकडे काही नाही.

सगळ्यात फसवा कागद म्हणजे मिळकतकराची पावती. "पालिका माझ्याकडून कमर्शियल टॅक्स घेते, म्हणजे पालिकेलाच मान्य आहे." नाही. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो, महापालिका अधिनियमात तर अशा बांधकामावर शास्ती (दंड) म्हणून जादा कराची तरतूद आहे आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात आहे. ऑफिसात हा मुद्दा आवाज न चढवता सांगा. समोरच्या अभियंत्याला तो माहीत असतो, फक्त तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळायला हवं.

खरे कागद तीनच: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) आणि उद्योगाच्या स्वरूपानुसार पालिकेचा व्यवसाय परवाना. महापालिका अधिनियमाच्या कलम ३७६ मध्ये काही धोकादायक किंवा उपद्रवकारक व्यवसायांना परवाना लागतो, मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात ते कलम ३९४. भोगवटा प्रमाणपत्रात "निवासी" आणि जागेवर वर्कशॉप, एवढा विरोध दाखवता आला की अर्ज उभा राहतो.

अर्ज

एका पानात बसवा. भावना भरपूर असतील, त्या घरी ठेवा. लहान मूल, आजारी आई, बारावीची परीक्षा हे सगळं खरं असतं, पण नोटीस निघते ती नकाशा आणि वापर यांच्यातल्या फरकावर. आमचा दुसरा अर्ज (पहिला चार पानी होता, तो कुठे गेला देव जाणे) साधारण असा होता:

"विषय: सर्व्हे क्र. … प्लॉट क्र. … येथील निवासी मिळकतीत विनापरवाना शेड व वर्कशॉप, तपासणी व कारवाईबाबत.

१. सदर मिळकत मंजूर विकास आराखड्यात निवासी विभागात आहे (झोन दाखल्याची प्रत सोबत). २. बंगल्याच्या पुढील मोकळ्या जागेत अंदाजे … फूट गुणिले … फूट पत्राशेड उभारले असून त्यात लोखंडी कामाचे वर्कशॉप चालते (तारखेसह छायाचित्रे सोबत). ३. या शेडला बांधकाम परवानगी व या वापरास मंजुरी आहे का, याची स्थळपाहणी करून तपासणी व्हावी. नसल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ व ५३ नुसार कारवाई व्हावी. ४. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी."

आवाजाचा उल्लेख मुद्दाम शेवटच्या ओळीत, एवढाच: "आवाजाबाबत पोलीस ठाण्याकडे स्वतंत्र तक्रार केली आहे." वर "अनधिकृत आहे" असं न लिहिता "परवानगी आहे का, तपासावे" असं लिहिलं याला कारण आहे. दाव्याचा पुरावा तुमच्याकडे मागता येतो, प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

शेडचं काम अजून चालू असेल तर कलम ५४, काम थांबवण्याची नोटीस, त्याची मागणी करा आणि दिवस न घालवता करा. उभं राहिलेलं शेड पाडायला जेवढे महिने लागतात तेवढ्या तासांत खांब रोवून होतात.

अर्ज कुणाकडे द्यायचा हे शहरागणिक बदलतं. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय आणि बांधकाम विभाग, मुंबईत विभाग कार्यालयातला इमारत व कारखाने विभाग, ठाण्यात प्रभाग समिती, नागपुरात झोन कार्यालय. शंका असली तर मूळ अर्ज सहायक आयुक्तांना आणि प्रत नगररचनेला. काहीही झालं तरी आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन तक्रार सोयीची, पण एका दिवसात "निराकरण झाले" असा संदेश येऊन ती बंद होऊ शकते. कागदी अर्ज असा सहज बंद होत नाही.

सह्या सोसायटीच्या लेटरहेडवर, कमिटीच्या ठरावासह. एकट्याने केलेली तक्रार दोन शेजाऱ्यांचं भांडण म्हणून बाजूला पडते.

पाहणीचा दिवस

कनिष्ठ अभियंता कधी येणार हे आधी कळत नाही, आणि कसं कोण जाणे समोरच्याला कळतं. आमच्याकडे पाहणीच्या दिवशी शटर खाली आणि अंगणात तुळशीची नवी कुंडी. म्हणून छायाचित्रं आधीच आणि वेगवेगळ्या दिवसांची हवीत: शेड, यंत्रं, माल उतरवणारा टेम्पो, बाहेरची पाटी. आपल्या गच्चीतून किंवा रस्त्यावरून काढा, त्यांच्या आवारात शिरून नको. सोबत एक वही: तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कसला आवाज, पोलिसांना कळवलं का. सहा आठवड्यांची अशी वही कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कामाला येते.

पाहणीनंतर पंधरा दिवसांनी ऑफिसात जाऊन एकच प्रश्न: स्थळपाहणी अहवाल नस्तीत (फाइलीत) लागला का? लागला नसेल तर बाकी चर्चेला अर्थ नाही.

नोटीस निघाली, पुढे काय

इथे बहुतेक लोक पेढे वाटतात आणि गाफील होतात. कलम ५३ ची नोटीस (बांधकाम काढा किंवा वापर थांबवा, अशी) मिळालेल्या माणसाला त्याच कलमाच्या पोटकलम ३ नुसार बांधकाम किंवा वापर कायम ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. निकाल लवकर लावण्याची घाई कुणालाच नसते. आमच्या फाइलीत सात महिने याच एका अर्जाने खाल्ले. आम्हाला तो आहे हे कळलं तेव्हा चार महिने उलटले होते, तोवर आम्ही "नोटीस देऊनही पालिका झोपली आहे" म्हणून ओरडत होतो.

म्हणून नोटीस निघाल्याचं कळताच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. मागायचं ते नेमकं: नोटिशीची प्रत, तिला आलेलं उत्तर, कायम ठेवण्यासाठी आलेला अर्ज आणि त्यावरच्या टिपण्या, स्थळपाहणी अहवाल. "कारवाई का केली नाही?" असा प्रश्न विचारू नका, "का" ही कागदावरची माहिती नव्हे, असं उत्तर ठरलेलं आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. आमच्या अनुभवात माहितीपेक्षा अपिलाच्या सुनावणीचाच उपयोग जास्त झाला, कारण त्या दिवशी फाइल कपाटातून निघून वरिष्ठांच्या टेबलावर आली.

कायम ठेवण्याचा अर्ज सापडला की त्यावर आपली लेखी हरकत त्याच नस्तीत लावा: नियमावलीतलं नेमकं कलम, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) सोडलेलं नाही हे. मोकळी सोडायची जागा व्यापणारं शेड नियमित करणं अवघड असतं, तोच तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा. आमच्याकडे अर्ज अखेर त्यावरच फेटाळला गेला.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तिथे जुना अर्ज, पोच आणि "अमुक तारखेपासून कार्यवाही नाही" असं अर्ध्या पानात घेऊन जा. विहित नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत. नगरसेवकांना प्रत द्या, पण फाइल त्यांच्या हाती सोपवू नका. वर्कशॉपवालाही मतदार असतो.

पोलिसांची बाजू समांतर चालू ठेवा

११२ वर फोन करत राहा, पण त्याबरोबर ठाण्यात लेखी अर्ज द्या. नियमांप्रमाणे ध्वनी प्राधिकरण म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या खाली नसलेला नेमलेला अधिकारी. म्हणून प्रत साहाय्यक पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकांना जायला हवी. नाव उघड होण्याची भीती असेल तर हे लक्षात ठेवा: जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला भागातल्या ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात सांगितलं की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि कळली तरी ती समोरच्याला सांगू नये. आधी ताकीद, मग दंड, मग यंत्रणा जप्त, असा चढता क्रमही त्यात आहे. त्याआधी २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने मंडप आणि ध्वनिप्रदूषणाबाबत पालिका आणि पोलिसांना सविस्तर आदेश दिले होते.

उपद्रव एका घरापुरता नसून सगळ्या वस्तीचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं १३३) उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग लोक विसरतात. वकील न लावताही अर्ज देता येतो. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे आणि उच्च न्यायालय आहेच, पण तिथे पहिला प्रश्न हाच असतो की पालिकेकडे काय केलंत. तेव्हा पोचपावत्यांची फाइल हीच तुमची याचिका.

शेड व्हायच्या आधी

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, मुदत जाहिरातीतच असते. तेव्हा आपला सर्व्हे नंबर नकाशावर शोधा. निवासी पट्ट्याला लागून व्यापारी रंग आलाय का, समोरचा रस्ता रुंद दाखवलाय का. रस्ता रुंद झाला की त्यावर चालणारे वापरही बदलतात, हे वर आलंच आहे. पुढे एखाद्या तुकड्याचा विभाग बदलायचा असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते, तीही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात. हरकत दिलीत तर सुनावणीला बोलावतात. जा. आमच्या प्रभागात एका फेरबदलावर तीनच हरकती आल्या होत्या, त्यातले दोघे सुनावणीला गेले नाहीत.

आमच्या मागचं शेड पहिल्या अर्जानंतर एकोणीस महिन्यांनी निघालं. पत्रे गेले, खांब गेले, अंगणातला थ्री फेजचा मीटर मात्र अजून भिंतीवर आहे. फाइल मी कपाटात वरच्या कप्प्यातच ठेवली आहे.